अंगावर लिहितं कोण? टॅटू, गोंदण आणि ‘मी कोण’ हा प्रश्न

गेल्या पावसाळ्यात मावशीला घेऊन तालुक्याच्या गावी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले होते. तिच्या मानेवर गजकर्ण उठलं होतं. बाकावर शेजारी एकवीस-बावीस वर्षांचा मुलगा बसला होता. उजवी बाही कोपरापर्यंत दुमडलेली आणि हाताच्या आतल्या बाजूला मोठ्या वळणदार अक्षरांत ‘आई’. ते तो पुसायला आला होता.

केंद्रीय निमलष्करी दलाच्या शिपाई भरतीत त्याचं ग्राउंड निघालं होतं, मेडिकल बाकी होतं. या भरतीचा नियम असा आहे: देवाधर्माचं चिन्ह किंवा नाव गोंदलेलं चालतं, पण डाव्या हाताच्या आतल्या बाजूला किंवा तळहाताच्या मागे. आकारही त्या भागाच्या पाव हिश्श्यापेक्षा लहान हवा. उजवा हात सॅल्यूटचा, त्यावर काही नको. म्हणजे हीच दोन अक्षरं, जरा लहान आणि दुसऱ्या हातावर असती, तर अडचण आली नसती.

मावशीच्या अंगावरही गोंदण आहे. हनुवटीवर एक ठिपका आणि डाव्या मनगटाच्या वर तीन अक्षरांचं एक नाव. साठेक वर्षांत काळ्याचं हिरवट-निळं झालंय, मधल्या अक्षराची कड पसरलीय. तिचं कुणी काही विचारून गोंदलं नव्हतं. मुलानं आठशे रुपये साठवून, चित्र निवडून, आपल्या हौसेनं काढून घेतलं होतं. दोघांच्या अंगावर अक्षरं होती, पण ती लिहायचं ठरवणारी माणसं वेगळी होती.

टॅटू, जिम, केसांचे रंग, व्हीगन जेवण, मार्च २०२५ मध्ये ‘माउंजारो’ भारतात आल्यापासून घरोघरी चर्चेत आलेली वजन उतरवायची इंजेक्शनं. या बातम्या वाचून अनेक घरांत एकच वाक्य ऐकू येतं, ‘आजकाल सगळ्यांना शरीराचं एवढं काय झालंय?’ प्रश्न खरा आहे आणि त्याचं उत्तर ‘फॅशन’ या एका शब्दात मिळत नाही.

‘ओळख’ या शब्दातच दोन माणसं आहेत

आधार कार्ड हे आपलं ओळखपत्र. ‘माझी त्यांची जुनी ओळख आहे’ असं आपण म्हणतो. आणि वीस वर्षांनी भेटलेला वर्गमित्र विचारतो, ‘ओळखलंस का?’ मी कोण आहे, मी कुणाच्या परिचयाची आहे आणि मला पाहून कुणाला काय कळतं, या तिन्ही गोष्टींना मराठीत एकच शब्द पुरतो. मला हा शब्द फार शहाणा वाटतो. ओळख नुसती मनात ठेवून होत नाही. तिला ओळखणारं कुणीतरी लागतं, आणि त्या समोरच्याला सगळ्यात आधी दिसतं ते शरीर.

दुसरा शब्द जीवनशैली. काय खायचं, काय घालायचं, शरीर कसं राखायचं, मोकळा वेळ कुणाबरोबर घालवायचा, अशा रोजच्या निवडी एकमेकींशी जुळून त्यातून एक माणूस दिसायला लागला, की त्याला जीवनशैली म्हणायचं. ती ओळखायची एक साधी खूण आहे. क्रियापदाचं नाम झालं की समजावं. ‘मी सकाळी धावते’ ही सवय झाली. ‘मी रनर आहे’ ही ओळख झाली. पहिलं वाक्य म्हणणारी बाई पाय मुरगळला तर महिनाभर घरी बसते. दुसरं म्हणणारीचा तोच महिना फार जड जातो, कारण तिचं नुसतं धावणं थांबलेलं नसतं.

पूर्वी अंगावर गाव लिहायचं

गोंदणारी बाई दारात यायची. काजळी, सुया आणि मूठभर धान्य नाहीतर जुनेर एवढ्यावर काम व्हायचं. कपाळावर ठिपका किंवा चंद्रकोर, हातावर तुळस, देवाचं नाव. पोर रडायची, आई धरून ठेवायची. मेल्यावर सोनंनाणं इथंच राहतं, गोंदण तेवढं बरोबर येतं, असं बायका सांगत. बिनगोंदणाच्या सुनेला नावं ठेवणाऱ्याही होत्या. पाहणाऱ्याला एवढं कळायचं की ही अमक्या समाजाची, अमक्या भागातली, लग्नाची किंवा लग्न झालेली. ती स्वतः कशी आहे हे सांगायचं काम गोंदणाकडे नव्हतं.

आणि नुसती चिन्हं चढवत नसत, उतरवतही असत. नवरा गेला की कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या, मंगळसूत्र तोडायचं. काही जातींत केस काढायचे. १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं न्हावी एकत्र आले आणि विधवांचं केशवपन करणार नाही असं त्यांनी ठरवलं. वस्तरा ज्यांच्या हातात होता त्यांनीच तो खाली ठेवला. पुढं सव्वाशेहून जास्त वर्षांनी, मे २०२२ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनीही तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. बाईच्या कपाळावर कुंकू राहावं की नाही, यासाठी २०२२ साली ठराव करावा लागतो. शरीर हा निव्वळ खाजगी मामला आहे असं कुणी म्हणालं, की मला हेरवाड आठवतं.

महाड, डिसेंबर १९२७

या सगळ्या विषयातलं एक उदाहरण मला सगळ्यात मोठं वाटतं. महाडच्या सत्याग्रह परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथं जमलेल्या बायकांशी वेगळं बोलले. लुगडं गुडघ्यापर्यंत वर नेसायची पद्धत, गळ्यातले आणि हातातले कथलाचे-चांदीचे जड दागिने, कोपरापर्यंतच्या पाटल्या. या गोष्टी पाहून लांबूनच जात कळते, तेव्हा त्या सोडा, लुगडं पायघोळ नेसा, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. त्यानंतर अनेक बायकांनी नेसण बदललं.

इथं जरा थांबायला हवं. चवदार तळ्याच्या पाण्याचा, माणूसपणाच्या हक्काचा लढा चालू आहे आणि नेता लुगड्याच्या घोळाबद्दल बोलतोय. कारण त्याला नीट माहीत होतं की अस्पृश्यता कायद्यात आणि पोथीत असते तशीच ती घोट्यावर आणि मनगटावरही असते. रस्त्यानं चाललेल्या बाईला कुणी नाव-गाव विचारत नाही. तिचं नेसण वाचतात आणि बाजूला सरकतात. ते वाचणं बंद पाडायचं तर मजकूर बदलायला हवा. दागिना ही हौस आहे की बेडी, हे तो कुणी ठरवला यावर अवलंबून असतं.

आज राज्यभर किती तरी तरुण-तरुणींच्या हातावर ‘जय भीम’ किंवा बाबासाहेबांची सही गोंदलेली दिसते. त्यांच्या पणज्यांनी अंगावर लादलेली चिन्हं उतरवली आणि पणतवंडांनी स्वतः निवडलेलं चिन्ह चढवलं. या दोन कृती मला एकाच बाजूच्या वाटतात.

मग बदललं नक्की काय?

लग्नातली पंगत आठवा. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर कुठं वाढायची ते ठरलेलं. वाढपी यायचा, पानात पडेल ते खायचं. कुणाच्या पानावरून त्याचा स्वभाव कळत नव्हता, कारण सगळ्यांची पानं सारखीच. (पंगतीला कोण बसेल आणि कोण बाहेर थांबेल हेही ठरलेलंच होतं, ते विसरू नये.) आता बुफे असतो. ताट हातात घेऊन आपण फिरतो, हवं ते घेतो. आणि मग ताट बोलायला लागतं. ‘भात नाही घेतलास? डाएट चालू आहे का?’ ‘एवढं गोड?’ निवड मिळाली आणि निवडीबरोबर तिचा अर्थ लावणारी माणसंही मिळाली.

हे घडलं कारण आपल्याला आधीपासून ओळखणारी माणसं कमी झाली. गिरणगावातल्या चाळीत दहा बाय दहाच्या खोलीत राहणारा माणूस अख्ख्या मजल्याला ठाऊक होता, कुठल्या गावचा, कुठल्या खात्यातला, पगार झाल्यावर कसा वागतो इथपर्यंत. हिंजवडीतल्या बाराव्या मजल्यावर राहणाऱ्याला लिफ्टमध्ये भेटणारा शेजारी त्याच्याबद्दल काही जाणत नाही. त्याला दिसतात बूट, मनगटावरचं घड्याळ, दाढीचं वळण, हातातली योगाची चटई. अनोळखी माणसांच्या गर्दीत शरीर हीच पाटी होते. त्यात खिशात कॅमेरा आला, आणि ही पाटी कधीही भेटणार नाहीत अशा माणसांपुढेही लागली.

ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ अँथनी गिडन्स यांनी १९९१ मध्ये याची मांडणी केली. आधुनिक समाजात ‘मी’ वारशानं मिळत नाही, तो आयुष्यभर घडवत राहावा लागतो आणि शरीर त्या कामाचा भाग होतं. ‘स्वतः’ हा एक प्रकल्प होतो. घर बांधायला काढल्यासारखं आहे हे. आधी वडिलोपार्जित वाड्यात राहायचो, गळायचा, पण होता. आता जागा आपली, नकाशा आपला, आणि बांधकाम कधी संपत नाही.

या बांधकामाचं सामान मात्र बहुतेक बाजारातून येतं. दिवसाला दहा हजार पावलं हा आकडाच घ्या. तो काही वैद्यकातून निघालेला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर १९६५ मध्ये जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावाचा अर्थ ‘दहा हजार पावलं मोजणारं’. चालणं चांगलंच आहे, चालावंच. पण रात्री साडेदहाला ९,४०० पावलं झाली म्हणून हॉलमध्ये येरझारा घालणारी माणसं मी पाहिलीत आणि त्यांच्या चेहऱ्यावरची टोचणी खरी असते. विक्रीसाठी काढलेला एक आकडा त्यांच्या स्वतःबद्दलच्या मताचा भाग झालेला असतो.

‘यात नवीन काय? माळकरी तर पूर्वीपासून आहेत’

हा आक्षेप वजनदार आहे. गळ्यात तुळशीची माळ घातली की मांस-दारू सुटते, एकादशी येते, आषाढीची वाट धरली जाते. शरीरावरची खूण, खाण्याचा नियम, वर्षाचं वेळापत्रक, सोबतीची माणसं, सगळं एकत्र. क्रियापदाचं नामही झालंय: वारकरी, माळकरी. आणि अनेकांनी ही माळ वयात आल्यावर, स्वतःच्या मनानं घातलेली असते. म्हणजे निवडलेली जीवनशैली ही काही या शतकाची निर्मिती नाही, ज्ञानोबा-तुकोबांच्या वाटेवर ती कधीपासून चालतेय.

फरक दोन ठिकाणी आहे. माळेबरोबर दिंडी मिळते. चुकलात तर सांगणारं, थकलात तर पडशी उचलणारं कुणी असतं, आणि माळकरी म्हणजे काय हे तुम्हाला एकट्यानं ठरवावं लागत नाही. दुसरं म्हणजे माळ तुम्ही इतरांपेक्षा वेगळे कसे हे सांगायला घालत नाही. दिंडीत सगळे एकमेकांच्या पाया पडतात, समोरचाही माउली आणि तुम्हीही माउली. आजच्या जीवनशैलीकडून आपण उलटी अपेक्षा करतो. तिनं माझं वेगळेपण सिद्ध करावं, आणि तेही मी एकट्यानं उभं करावं. हे ओझं मोठं आहे. धावणाऱ्यांचे, सायकलवाल्यांचे, ट्रेकवाल्यांचे गट इतके पटकन जमतात आणि एकमेकांना इतके धरून राहतात, त्यामागे दिंडीचीच भूक आहे असं मला वाटतं.

‘ही शहरातल्या पैसेवाल्यांची गोष्ट आहे’

अर्धी आहे. पहाटे पाचला कुठल्याही तालुक्याच्या रस्त्यावर पोलीस भरतीची पोरं धावताना दिसतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, सेकंदाला गुण. बूट फाटके, पण छाती भरलेली. त्याच रस्त्यावर तासाभरानं मॅरेथॉनची तयारी करणारे डॉक्टर, इंजिनिअर, व्यापारी येतात. दोघांच्या पायाला तोच डांबरी रस्ता लागतो. एकाला त्यातून भाकरी काढायची आहे, दुसऱ्याला स्वतःची ओळख. बाजार समितीत पोती उचलणाऱ्या हमालाचे खांदे जिममध्ये कमावलेल्या खांद्यांपेक्षा कमी भरलेले नसतात. पण त्यांचं कुणी कौतुक करत नाही, कारण ते ‘कमावलेले’ म्हणून वाचले जात नाहीत, कष्टाचे म्हणून वाचले जातात.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बूर्द्यू यांनी १९७९ मध्ये हेच दाखवलं. आपली आवडनिवड आपल्याला अगदी आतली, खास आपली वाटते, पण ती बरीचशी आपल्या वर्गानं घडवलेली असते आणि ती वापरून आपण एकमेकांना वरखाली लावतो. याचा पुरावा शोधायला फार लांब जायला नको. आमच्या मावशीच्या पिढीतल्या कितीतरी बायका मुलांकडे शहरात राहायला आल्यावर कपाळावरचं गोंदण मोठ्या टिकलीखाली झाकत होत्या. सुनेच्या मैत्रिणी घरी आल्या की हात पदरात. तीच चंद्रकोर, तेच ठिपके आज शहरातल्या टॅटू स्टुडिओत ‘ट्रायबल’ म्हणून मोठ्या किमतीला काढून मिळतात. एकीच्या अंगावर ते मागासलेपण होतं, दुसरीच्या अंगावर ती निवड आहे. मला याचा राग येतो. रेषा तीच असते.

‘माझं शरीर, माझी मर्जी. त्यात चूक काय?’

काहीच नाही. महाडच्या बायका आणि हेरवाडचा ठराव डोळ्यांसमोर ठेवला तर हे वाक्य फार मोठी लढाई करून मिळालेलं आहे, ते सोडायचं नाही. अडचण पुढच्या पायरीवर येते. शरीर जर संपूर्ण माझी निवड असेल, तर त्यात जे बिघडेल तो माझा दोष ठरतो. जाड माणूस आळशी, काळवंडलेला माणूस निष्काळजी, थकलेली बाई स्वतःकडे लक्ष न देणारी. वजनाचं इंजेक्शन घेणाऱ्याला ‘सोपा रस्ता धरला’ म्हणून हिणवतात, न घेणाऱ्याला ‘एवढं औषध आलंय तरी’ म्हणून.

पुण्यातल्या एका संशोधनाकडे पाहिलं की हा हिशोब किती कच्चा आहे ते कळतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन शास्त्रज्ञांनी २००४ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मोजमापं छापली. उंचीच्या मानानं वजन सांगणारा आकडा, म्हणजे बीएमआय, दोघांचा अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. बाहेरून सारखी दिसणारी दोन शरीरं, आतून एकात दुपटीहून जास्त चरबी.

याचं मूळ पाळण्याच्याही आधी आहे. पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत जन्मलेली बाळं आणि इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची बाळं यांची तुलना याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, तिकडची ३.५. पण आपल्या बाळांचं वजन घटलं ते मुख्यतः स्नायू आणि पोटातल्या अवयवांचं. चरबी त्या मानानं टिकून होती. पोटाशी असताना शेतात राबणारी, शेवटी उरेल ते जेवणारी आई त्या बाळाच्या अंगावर काहीतरी लिहून गेलेली असते. पन्नाशीत त्याला मधुमेह झाला की डॉक्टर, बायको, मित्र सगळे म्हणतात, ‘जीवनशैली सुधारा.’ सुधारावीच. पण त्या शरीरावरचा सगळा मजकूर त्याच्या हातचा नाही, हे सांगणारं कुणीतरी तिथं असायला हवं.

पुसायचं म्हटलं तर

डॉक्टरांनी त्या मुलाला समजावून सांगितलं ते मीही ऐकत होते. शाई कातडीच्या वरच्या थरात नसते, ती तर झडत राहते. शाई खालच्या थरात असते. तिथं शरीराच्या राखणदार पेशी ती परकी म्हणून गिळतात, पण पचवू शकत नाहीत. पेशी मेली की शाई सुटते आणि शेजारची नवी पेशी ती उचलते. फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात हे दाखवलं. म्हणजे गोंदण एकदाच काढलं जातं, पण शरीर ते हातोहात पुढं देत राहतं. लेसर त्या शाईचे बारीक तुकडे करतो आणि मग पेशी ते हळूहळू वाहून नेतात. एका बैठकीत होत नाही. दोन बैठकांमध्ये दीड-दोन महिने जाऊ द्यावे लागतात. काळा रंग त्यातल्या त्यात लवकर जातो, हिरवा-पिवळा चिवट.

मुलगा बोटांवर महिने मोजत राहिला. मग मावशीनं त्याला विचारलं, ‘आईला माहितीये का रे, पुसतोयस ते?’ तो म्हणाला, ‘तीच म्हणाली पुस म्हणून. नोकरी लागल्यावर डाव्या हातावर काढ म्हणाली.’

तेवढ्यात आतून नाव पुकारलं. आधार कार्डावरचं, सासरचं. मावशीच्या लग्नात काकांनी तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहिलं आणि त्या दिवसापासून रेशन कार्ड, मतदार यादी, बँकेचं पुस्तक सगळीकडे तेच आहे. माहेरचं नाव राहिलं ते हातावरच्या त्या तीन अक्षरांत. त्या नावानं हाक मारणारं आता माहेरी कुणी उरलेलं नाही.

तपासून बाहेर आलो तेव्हा पाऊस लागला होता. मावशी पायरी उतरायला लागली, पदर सावरताना तिचा हात पुढं आला. मुलानं तिच्या हाताला धरलं, आणि धरता धरता अक्षरं वाचली असावीत. हातावरच्या त्याच नावानं, पुढं मावशी लावून, तो म्हणाला, ‘सावकाश, फरशी ओली आहे.’

मावशी पायरीवरच थांबली आणि तिनं ‘ओ’ दिली.